आठवी ओळ

३ नोव्हेंबर १९९५, शुक्रवार. उज्जैन
तेरावा काल झाला. आज शेजारचे शुक्लाजी पुन्हा आले. "कैप्टन साहब, ऊपरवाले की मर्ज़ी।" मी "जी" म्हटले. अठरा वर्षे विमान चालवतो आहे, वर कोणाची मर्जी चालते ते मला शिकवू नये. सुनंदा असती तर हसली असती.
धनत्रयोदशीला पणत्यांत तेल घालता घालता ती खाली बसली आणि गेली. मेंदूत रक्तस्राव. डॉक्टर, शुक्लाजी, तिच्या कंपनीची तार, सर्वांचा एकच शब्द: अचानक. पती-पत्नी दोघेही वैमानिक, कंपन्या निराळ्या. दिवाळीची रजा दोघांना एकदम प्रथमच मिळाली होती.

५ नोव्हें., रवि.
सकाळी मुक्ता अंगणात दोरीवर उड्या मारत होती. अकरा वर्षांची आहे. दोरीच्या तालावर काही म्हणत होती: डी-ई-एफ, पी-ओ, टी-ई-सी. चहाचा कप हातातच राहिला. लायसन्ससाठीच्या दर मेडिकलला डोळे तपासण्याच्या तक्त्यावर मी हीच आठवी ओळ वाचतो; ती वाचता आली तरच उड्डाण.
"हे कोणी शिकवलं?"
"आईनं. आमचा खेळ होता पप्पा. मी तक्ता धरायची, ती एक डोळा झाकायची. आधी चुकायची, मग पाठच झालं तिला."
"कोणता डोळा झाकायची?"
"उजवा." दोरी थांबली. "तुम्हाला नको सांगू म्हणाली होती."

तोच दिवस, दुपार
ताईला विचारले. आम्ही दोघे आकाशात असताना मुक्ताला माझ्या या थोरल्या बहिणीनेच वाढवले.
"माहीत होतं मला. डावा डोळा धूसर, डोकं ठणकायचं. मीच तिला फ्रीगंजच्या डॉक्टरकडे नेलं. इंदूरला जाऊन डोक्याचा फोटो काढून घ्या म्हणाला. ही म्हणे, कॅप्टनची परीक्षा होऊन जाऊ दे."
"आणि मला कोणी सांगितलं नाही!"
"ओरडू नको. सांगितलं असतं तर तू काय केलं असतं?"
"तिच्या कंपनीला कळवलं असतं. दुसऱ्याच दिवशी."
"बस. म्हणून नाही सांगितलं."
कळवलेच असते! तिचे उड्डाण बंद झाले असते, उपचार झाले असते, ती आज जिवंत असती. मग अपराधी मी कसा?

७ नोव्हें., मंगळ.
एका डोळ्याने विमान चालवत होती. मागे बसलेल्यांना कोणी विचारले होते? त्यांच्या घरी मुले नव्हती?
चार वर्षांपूर्वी माझ्या सहवैमानिकाने, भटनागरने, मधुमेह लपवला. मी कंपनीला लिहून दिले. त्याचे लायसन्स गेले. आता इंदूरला एसटीडी बूथ चालवतो. त्या वेळी सुनंदा आठ दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलली. मला वाटले, तिला त्याची दया आली. ती मला ओळखून ठेवत होती.
मुक्ता झाली तेव्हा मी म्हणालो होतो, एकाने घरी राहायला हवे. 'एकाने' म्हणजे कोणी, हे दोघांनाही ठाऊक होते. चार वर्षे ती जमिनीवर राहिली. तिच्यामागून आलेले कॅप्टन झाले. पुन्हा तिला जमिनीवर...
संताप होतो. नेमका कोणाचा ते...

१० नोव्हें., शुक्र.
तिच्या कंपनीचे पत्र. प्रशिक्षण केंद्रात तिचे छायाचित्र लावणार, खाली मजकूर: 'उड्डाणसुरक्षेचा आदर्श'. कागद चुरगाळला. मग सरळ केला.
उत्तर लिहिले. तक्ता पाठ करता येतो, सबब तो प्रत्येक तपासणीस बदलावा. माझ्या पत्नीने तो पाठ केला होता. सही केली, पाकीट चिकटवले. मान वर केली तर मुक्ता दारात.
"आईचं लिहून दिलं? माझं नावपण लिहिलं का, मी सांगितलं म्हणून?"
"नाही."
"मी आता तुम्हाला कधीच काही नाही सांगणार."
जेवताना ताईला चिकटून बसली. मीठ हवे होते, तेही ताईकरवी मागितले.

१२ नोव्हें., रवि.
काल पाकीट घेऊन टपालपेटीपर्यंत गेलो. परत आणले.
परवा माझे मेडिकल आहे. सुनंदाचा तक्ता भिंतीवर लावला. आठवी ओळ स्वच्छ वाचली. मग डोळे मिटून वाचली. तितकीच स्वच्छ. अठरा वर्षांत मी ती वाचत होतो की म्हणत होतो?
मुक्ताला बोलावले. तक्त्याच्या पाठीवर तेवढ्याच मापाची, मला माहीत नसलेली अक्षरे लिही म्हटले. तिने मराठी अक्षरे लिहिली. वीस फूट मोजून फाटकापाशी तक्ता धरून उभी राहिली. मी डावा डोळा झाकला. ग. ठ. पुढे भ, किंवा म.
"सांगा ना पप्पा."
बराच वेळ पाहत राहिलो. अंदाजाने सांगता आले असते.
"दिसत नाही," म्हटले.
ती तक्ता घेऊन अगदी जवळ आली. माझ्या डोळ्यात पाहिले, जणू तिथे काही सापडणार होते.
"मग आता तुमचंपण लिहून देणार?"
मेजावर मेडिकलचा फॉर्म आहे. शेजारी पाकीट. फॉर्मवर तारीख घातली. मुक्ता समोर खुर्चीत बसून मी काय लिहितो ते पाहते आहे. तिला जा म्हटलेले नाही.