नळाच्या आवाजाआड

६ जानेवारी, मंगळवार

सकाळपासून नऊ वेळा संडासला. रक्त पडलंच. नळ मोठा सोडून बसतो, म्हणजे आतलं बाहेर ऐकू जात नाही. आता नळ वाजला की घरात सगळ्यांना कळतं ते कळतंच! तरी सोडतो.

८ जानेवारी, गुरुवार

आज नको ते झालं. कोर्टात साक्ष चालू, मी टाइप करतोय, आणि पोटात कळ. स्टेनो उठला की सगळं कोर्ट थांबतं. दाबून बसलो. शेवटी हात वर केला — शाळेतल्या पोरासारखा! साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "पुन्हा?" मागे कुणीतरी फिसकन हसलं. परत आलो तर साक्षीदार बाई तशीच उभी, डोळे भरलेले. तिचं रडणंसुद्धा माझ्यासाठी अडवून धरलेलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ जानेवारी

रजा. पडून.

१३ जानेवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाईंकडे. आतड्याची सूज तशीच. गोळ्या वाढवल्या. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "मन कसं आहे? या आजारात पुष्कळांचं खचतं. त्यावरही उपचार असतात." म्हटलं, ठीक आहे. बायको शेजारीच बसलेली! आणि सुरुवात कुठून करायची? घराबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं तरी घाम फुटतो, इथून?

वाटेत ही म्हणाली, "बरं झालं बाई, मनाचं तरी काही नाही."

१६ जानेवारी, शुक्रवार

लेकीचं शाळेत नाटक. येतो म्हणून कबूल केलं होतं. बूट घातले. काढले. घातले. काढले. शेवटी ही एकटी गेली. लेक परत आल्यावर म्हणाली, "चालतं हो, बाबा." चौदा वर्षांची पोर मलाच समजून घेते! मी नसलो तर दोघींना सोपं जाईल. रोज वाटतं. इथे लिहितो, बोलत कुणाशीच नाही.

१८ जानेवारी, रविवार

दुपारी पडलो होतो. ही बाजारात. संडासातला नळ मोठा सुटला. थांबेचना.

दाराशी गेलो. लेकीचा डबा हल्ली निम्मा परत येतो. गळ्याची हाडं दिसायला लागलीत. परीक्षेमुळे, असं मीच म्हणत होतो.

"रक्त पडतंय का गं? कधीपासून?"

नळ आणखी मोठा झाला. मग आतून, थेट माझ्याच सुरात, "ठीक आहे मी, बाबा."

दाराला टेकून खालीच बसलो. म्हटलं, "मी ठीक नाहीये गं. नळ बंद कर. सांगतो."