इस्त्रीला टाकलेला कोट

२ मे

कोट हरवला!

माझा काळा कोट. कॉलरवर मळ चढला होता म्हणून लाँड्रीत टाकला. लोकांच्या शेवटच्या क्षणी मळक्या कॉलरीने उभं राहणं मला बरं वाटत नाही. आणि लाँड्रीवाला म्हणतो, "साहेब, असा कोट आपल्याकडे आलाच नाही." तोंडावर सांगतो! मी मृत्यू आहे हे त्याला कुठल्या तोंडाने सांगू? कोटाशिवाय मी म्हणजे चारचौघांतला एक लुकडा म्हातारा.

३ मे

काम ठप्प. कुणाची वेळ झाली हे मला कधीच माहीत नसतं, ते कोटाला माहीत. उजव्या खिशात हात घातला की कोट त्या माणसाकडे ओढत नेतो. मी आपला मागे मागे जातो. या शहराचं सगळं काम माझ्या एकट्याच्या गळ्यात, आणि आता कोट नाही म्हणजे शहरात कुणी मरायचंच नाही!

५ मे

संशय एका वकिलावर. त्याचे काळे कोट त्याच लाँड्रीत असतात. दिवसभर कोर्टात मागच्या बाकावर बसलो. त्याला बघून साक्षीदार पांढरेफटक पडत होते. म्हटलं, सापडला चोर! जिन्यात गाठून खिशात हात घातला. अर्धं बिस्किट निघालं. वर शिव्या खाल्ल्या. मला पाकीटमार म्हणाला! मला!

६ मे

हॉस्पिटलात चक्कर मारली. जायलाच नको होतं. खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारी शिक्षिका. तिचं सगळं उरकलंय, निरोप, रडणं, सगळं. लेक उशाशी बसून म्हणत होती, "आई, सूट गं आता." आई कण्हत म्हणाली, "मेलं मरणही येत नाही."

मी खाटेला टेकून उभा. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

८ मे

लाँड्रीतच पाळत ठेवायची ठरवलं. पुढे दुकान. मागे इस्त्रीचं टेबल. इस्त्रीवाल्या बाई पडद्याकडे पाठ करून तिथे उभ्या असतात, आणि पडद्याआड त्यांचं बिऱ्हाड. त्या आणि त्यांचा नवरा. तो बसवर कंडक्टर होता, अजून सगळे त्याला कंडक्टरच म्हणतात. आता अंथरुणाला खिळलाय. श्वास भात्यासारखा चालतो.

शर्ट इस्त्रीला दिला आणि त्याच्याशी गप्पा मारत बसलो. काय माणूस! "या साहेब, सरका आत, जागा आहे." पत्त्यांत मला हरवलं, तेही लबाडी करून.

बाई तिकडून ओरडल्या, "अहो, पाहुण्यांशी तरी नीट खेळा!"

"अगं, नीट खेळलो तर हरेन ना!"

बाई खुदकन हसल्या. मला उठवेना.

९ मे

पुन्हा गेलो. इस्त्रीचा शर्ट नव्हताच. अंगातला काढून दिला.

१० मे

एक गोष्ट खटकत होती. बाहेर मरणाचं ऊन (त्यालाही माझंच नाव!), पलीकडे तापलेली इस्त्री, आणि कंडक्टरची खाट मात्र गार. आज गादीच्या काठाला हात टेकला आणि कळलं. गादीखाली माझा कोट!

बाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. इस्त्री बाजूला उभी केली.

"खिसा उलटा करायला हात घातला," त्या हळू म्हणाल्या, "तर हात मागे ओढला गेला. मागे पडदा, पडद्याआड हे. तेव्हाच ओळखलं कोट कुणाचा ते. नाही देणार. काय करायचं ते करा."

मृत्यूला कुणी दरडावलं तर काय करतात? मी "बरं" म्हणालो आणि इस्त्रीला दिलेला शर्ट न घेताच, बनियनवर घरी आलो.

११ मे

कोट हिसकावून घेऊ शकतो. घेतला नाही. मला त्या लबाड म्हाताऱ्याचा लळा लागलाय! आता हे कुणाला सांगू?

१२ मे

राहवलं नाही. कंडक्टरला शिक्षिकेचं सांगून टाकलं. तो छताकडे बघत म्हणाला, "अगं, यांचा कोट यांना दे. माझा स्टॉप आला. मी दारात अडून बसलोय आणि मागचे खोळंबलेत, बरं दिसतं का?"

"तुमच्यामागे मी भांडू कुणाशी?"

"दोघांचंही तूच बोल. नाहीतरी आत्ता कोण बोलतं?"

बाई रडता रडता हसल्या. मग माझ्याकडे वळल्या. "उद्या देते. धुऊन, कडक इस्त्री करून. कळकट कोटात माझ्या माणसाला न्यायचं नाही."

१३ मे

कोट मिळाला. सुटलेलं बटणही शिवून दिलंय. कंडक्टर दाढी करून, भांग पाडून तयार. पण कोटाची रीत अशी, ज्याला सोसवत नाही त्याच्याकडे आधी. दुकानातून जो ओढत सुटला तो थेट हॉस्पिटलात. शिक्षिकेने माझा हात धरला आणि शांत झाली. लेक रडली, पण तिचे खांदे सैल झाले. दिवसभर फिरलो. आता कुणी ताटकळलेलं नाही.

परत येताना दुकानात डोकावलो. "काय हो," कंडक्टर म्हणाला, "मला सोडून गाडी सुटली?"

"उद्या," म्हणालो.

१४ मे

कंडक्टरच्या उशाशी उभा राहून खिशात हात घातला. तो डोळे मिटून पडला होता. कोटाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला पडद्याबाहेर ओढत आणलं. टेबलापाशी. बाईंकडे.

बाईंनी माझ्या हाताकडे बघितलं. समजल्या. पडद्याकडे बघून अगदी हळू म्हणाल्या, "साहेब, मग यांना पाणी कोण देणार?"

मी कोट काढला आणि टेबलावर ठेवला. "बाई, कॉलर नीट बसली नाही. परत करा."

त्यांनी पदराने डोळे पुसले. कोट उचलला.

"अर्जंट आहे का?"

"नाही," म्हणालो.