कुरडयांवरचे ठिपके

॥ श्री ॥
बेहाला, कलकत्ता
२२ मार्च १९५३

ती. ताईस,
भालचंद्राचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पावलं. नाशिकला गेल्यापासून वृंदाचा दमा एकदाही उसळला नाही, हे वाचून सरोजने देवापुढे साखर ठेवली आणि मग तासभर रडली. पोरीला तुझ्याकडे येऊन चार महिने झाले. जूनमध्ये तिचं नाव तिथल्याच शाळेत घालायचं म्हणतेस. ताई, एवढ्यात नको गं. मी सरकारी धूर-निरीक्षक, आणि माझ्याच लेकीने धुरापायी घर सोडावं, ही काय शोभा झाली?

सरोज घरामागच्या तेलगिरणीच्या धुराड्याला बोल लावते. मी गच्चीवर बसून, हातात धुराचा काळेपणा मोजायचा आमचा करड्या छटांचा तक्ता धरून, घड्याळ लावून पाहिलंय. साडेदहा ते पाच या कचेरीच्या वेळात धूर दुसऱ्या चौकटीपुढे काळा होत नाही. कायद्यात बसतो. दोष आहे तो पहाटे घरोघर पेटणाऱ्या कोळशाच्या शेगड्यांचा, आणि त्यात आमचीही आली. म्हणून सरोजची शेगडी बंद करून स्टोव्ह आणला. ती दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये.

रागातही तिने तुझ्यासाठी वाळवणं केलीच. कुरडया आणि बटाट्याचा कीस पार्सलने पाठवतोय. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
भालू

॥ श्री ॥
नाशिक
३ एप्रिल १९५३

चि. भालचंद्र यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पार्सल पोचलं. कीस झकास झालाय, सरोजला सांग. आता कुरडयांचं ऐका, इन्स्पेक्टरसाहेब! त्यांच्यावर काळे ठिपके आहेत. नखाने खरवडले तर खड्यासारखे कचकचतात. तीस वर्षं मी शेगडीपुढे बसलेय. शेगडीच्या धुराने वाळवण पिवळं पडतं, असे खडे पडत नाहीत. त्याला भट्टीच लागते.

कीस मात्र स्वच्छ. गच्ची तीच, दिवस तेच. मग फरक कसला? अरे, कुरडयांचा चीक पहाटे शिजवून उजाडताच घालतात. कीस बाई घालते ती नवरा कचेरीला गेल्यावर, हात मोकळे झाले की. म्हणजे जे पडतं ते पहाटे पडतं. आणि तेव्हा आपली स्वारी पांघरुणात! लहानपणी तुला उठवायला तांब्याभर पाणी ओतावं लागे.

शाळा तपासायला डिपुटीसाहेब यायचे त्या दिवशी तुमचा वर्ग कसा शहाण्यासारखा बसायचा, आठवतं ना? धुराडंही तुझ्यापुढे तसंच बसतं. पहाटे ऊठ. आधी सरोजची माफी माग. शाळेच्या फॉर्मवर मी मेअखेरपर्यंत सही करत नाही, त्यापुढे मात्र थांबणार नाही.

दोघांना आशीर्वाद, तुला जरा कमी.

विमलताई

॥ श्री ॥
बेहाला
५ मे १९५३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माफी मागितली. सरोज म्हणाली की तिचं ऐकायला मला नाशिकहून पत्र लागतं.

पाच पहाटा गच्चीवर काढल्या. पाच वाजता धुराडं जे ओकायला लागतं, ते पावणेसहापर्यंत तक्त्याची शेवटची चौकट, ठार काळी! नोंदी घेऊन गिरणीत गेलो. मॅनेजर घोषालबाबूंनी हसून शेगड्यांकडे बोट दाखवलं. माझंच म्हणणं माझ्याच तोंडावर! मग मी घरी उरलेली ठिपक्यांची कुरडई रुमालातून काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी नखाने खरवडून पाहिलं आणि नोटीस घेतली.

आगवाला रामखेलावन भला माणूस. सहाच्या भोंग्याला वाफ तयार पाहिजे, म्हणून बिचारा एकदम टोपल्यावर टोपल्या कोळसा लोटायचा. आमच्या खात्यातले श्यामराव आठ दिवस त्याच्याशेजारी उभे राहिले आणि त्याला शिकवलं, की तासभर आधी पेटवायचं आणि थोडा थोडा कोळसा पसरून घालायचा. आता धूर पहिल्या चौकटीवर आहे. साहेबांनी आम्हा सर्वांना पाळीपाळीने पहाटेची तपासणी लावून दिली. सहकारी मला शिव्या घालताहेत, घालू देत!

सरोजने पुन्हा कुरडया घातल्या आहेत. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तशाच पाठवतोय. यावेळी इन्स्पेक्टर तू. एक जरी ठिपका निघाला तरी फॉर्मवर सही कर, मी ब्र काढणार नाही.

निकालाची वाट पाहणारा,
भालू

॥ श्री ॥
नाशिक
१६ मे १९५३

चि. भालचंद्र यास अनेक उत्तम आशीर्वाद.

शाब्बास! कुरडया दुधासारख्या आहेत. फॉर्म फाडला. पुढच्या शनिवारच्या मेलने मी वृंदाला घेऊन निघते. गाडी पहाटे पोचते, पण आता तुझ्या उठण्याची मला काळजी नाही. वृंदाने आतापासूनच फ्रॉकच्या घड्या घालून ट्रंकेत भरल्यात आणि दिवसातून चारदा त्या मोजते.

एक सांगते, सरोजला सांगू नकोस. हे गेल्यापासून या घरात ताट एकच वाढलं जाई. गेले सहा महिने दोन वाढली. तुझं पार्सल आलं तेव्हा पोर झोपली होती. मी खिडकीशी चष्मा लावून बसले, एकेक कुरडई उलटून-सुलटून पाहिली, आणि देव मला क्षमा करो, एक तरी ठिपका निघावा म्हणून पाहिली.

एकही निघाला नाही रे.

विमलताईचे आशीर्वाद, आणि यावेळी तुला सगळ्यात जास्त.