कर्ण्यातली हाक

ब्राह्मणपुरी,
वैशाख, १९६७

भटूभाऊ,

तुझी रेकॉर्ड काल चुनीलालकाकांकडच्या लग्नमांडवात वाजली. गिटार सुरू होताच बाया हसल्या, "हाई काय गानं शे?" मलाही कळेना. मग आपल्या मोटेच्या चाकाची कुरकुर ओळखू आली. दिवाळीत तू टेप घेऊन विहिरीवर बसायचास, ते यासाठी होय! पण ती कुरकुर गिटारच्या ठेक्यात बसवलीस कशी?

मांडवामागच्या मळ्यात बापू मोट हाकत होते. तुझ्या गाण्यात बैलांना मागे आणायची त्यांचीच हाक आली. कर्ण्यातून ती ऐकून बैल निम्म्या धावेवरूनच मागे सरले आणि भरलेली मोट परत विहिरीत! म्हटलं, आता तुझा उद्धार होणार. शेती सोडून तू मुंबईला गाण्यामागे गेलास, तेव्हापासून ते तुझं नावही घेत नाहीत.

पण बापूंनी बैल सोडून लांब निंबाला बांधले. मग मला म्हणाले, "जाय, आखो एकदाव लावाले सांग. पन भटूले सांगू नको."

शब्द दिलाय, म्हणून हे पत्र टपालपेटीत टाकणार नाही. वर चाकाचा प्रश्न विचारलाय ना, तो बापूंचा आहे.

तुझी,
तापी