कुंकवाचे हात

२९ सप्टेंबर
लागली एकदाची नोकरी! साकीनाक्याच्या गाळ्यात, पॉवर प्रेसवर. पत्रा सरकवायचा, बटणं दाबायची, प्रेस धाडकन खाली येते आणि दाराची बिजागरी तयार. वाकोल्याहून शेअर रिक्षानं पोचले, तर मालक अण्णा स्वतः दारात उभे. म्हणाले, श्रुतिका, इथं कामगार नाहीत, घरची माणसं आहेत. आजवर मी एकालाही काढलेलं नाही. चहा कुंदाताई देतात, डाव्या हातानं, उजवा पदराखाली. डावखुऱ्या असतील. चहा मात्र झकास. आई फोनवर म्हणाली, नशीब काढलंस गं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
आज यंत्रांची पूजा. झेंडू, नारळ, पेढे. इथली एक न्यारी रीत: नव्या माणसानं तेलात कालवलेल्या कुंकवात उजवा हात बुडवायचा आणि प्रेसच्या अंगावर ठसा उमटवायचा. सगळे चिडवत होते, नवरीबाई, जोरात दाबा! दाबला. पाचही बोटं छान उठली. शेजारचे जुने ठसे मात्र अर्धवट. कुणाला अंगठा नाही, कुणाला दोन बोटं नाहीत. कुंकू झडलं असेल. अण्णा ते पुसू देत नाहीत.

४ ऑक्टोबर
प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असले तरच ती खाली यावी, म्हणून. इथं उजवं बटण रबरानं दाबून बांधलंय: डावा हात बटणावर, उजवा पत्रा सरकवायला मोकळा. काम भराभर होतं. मी रबर काढलं तर अण्णा हसले. म्हणाले, अशानं दिवाळीची ऑर्डर शिमग्याला जाईल. जेवून आले तर रबर पुन्हा जागेवर.

६ ऑक्टोबर
कुंदाताईंचा पदर सरकला. उजव्या हाताला तीनच बोटं. प्रेसवर अगदी तसाच एक ठसा आहे.
त्यांनी खालमानेनं सांगितलं. उमटवला तेव्हा ठसा पुरा होता. आधी बोटं ठशातून गेली, मग हातातून. खोकी भरणाऱ्या दशरथमामांचंही तसंच झालं. अण्णांनी आपल्या ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं आणि लिहून घेतलं, घरी विळीवर कापलं. म्हणजे कारखान्यात अपघात झालाच नाही. मग भरपाई कसली! मी चिडले, तो तुमचा हक्क होता ना. त्या एवढंच म्हणाल्या, ह्या हातान आता खंय जाव, बाय?

७ ऑक्टोबर
माझ्या ठशाला करंगळी नाही.

८ ऑक्टोबर
अनामिकाही गेली. फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे तक्रार पाठवली, रबराचा फोटो जोडून. नोकरी सोडते म्हणून निघाले, तर दारात — अण्णा नव्हते. कुंदाताई, दशरथमामा, बाकीचे. हात जोडून उभे. ते हात बघवेनात. गाळ्याला सील लागलं तर आम्हाला कोण ठेवेल, म्हणाले. निदान दिवाळीची ऑर्डर होईपर्यंत थांब.
थांबले. मूर्ख, मूर्ख मी.

२६ ऑक्टोबर
डाव्या हातानं लिहितेय. अक्षर —
दिवाळीच्या ऑर्डरचा शेवटचा दिवस. बटणाला हात लावलाच नव्हता. प्रेस आपोआप खाली आली. करंगळी, अनामिका. ठशाइतकंच.
डॉक्टरनी काही विचारलं नाही. त्यांनीच लिहून टाकलं. विळी.

३ नोव्हेंबर
इन्स्पेक्टरसाहेब आले. माझ्याच तक्रारीवर. रबर कालच निघालं होतं. हात कसा गेला, विचारलं.
खरं सांगायचं होतं, देवाशपथ. सगळे माझ्याकडे बघत — कुंदाताईंनी पदर तोंडात —
म्हटलं, घरी. विळीवर.
अण्णांनी पेढे वाटले.

४ नोव्हेंबर
आजपासून पुन्हा प्रेसवर. बटण दाबायला तीन बोटं पुष्कळ, अण्णा म्हणाले. पत्रा डाव्या हातानं सरकव. रबर आता डाव्या बटणावर.
आणि प्रेसवर नवा ठसा. ओला. डावा हात. तळव्यावर लहानपणी भाजल्याचा व्रण — माझाच. मी नाही उमटवला. कुणीच —
बोटं पाच आहेत. पाहिली. पाचही आहेत.
परत बघून आले. करंगळी —