वहीत नसलेलं केळं

चि. सौ. धाकटीस, दादाचे भरभरून आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखत असेल तर जिना चढू नकोस. यापेक्षा जास्त डॉक्टरही सांगणार नाहीत. तुझ्या यजमानांना नमस्कार. इकडे सर्व खुशाल. नातू साडेचार महिन्यांचा झाला आणि घरात त्याच्या खालोखाल मान माझा आहे.

त्याचं असं झालं (मागे तू आलीस तेव्हा गडबडीत सांगायचं राहिलं), की इथल्या मोठ्या इस्पितळात तान्ह्या बाळांच्या पचनावर आणि प्रतिकारशक्तीवर संशोधन चाललंय. नुसत्या आईच्या दुधावरच्या चाळीस बाळांच्या पोटात कोणते जंतू वस्तीला येतात आणि ते आजारांशी कसे दोन हात करतात, हे बघायचं. (सगळे जंतू वाईट नसतात, हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं. माणसांबद्दलही तसंच ऐकून आहे.) सहा महिने बाळाच्या पोटात दुसरं काही जाऊ द्यायचं नाही आणि रोजची वही लिहायची, एवढीच अट. सूनबाईंनी वही माझ्याकडे सोपवली. पस्तीस वर्षं वेधशाळेत पाऊसपाणी लिहिलेला माणूस मी, मग काय विचारतेस! दूध किती मिनिटं, ढेकर निघाला का, शीची वेळ, रंग, दाटपणा. 'सकाळी तुरळक, दुपारनंतर जोरदार' ही नोंद वाचून डॉक्टरबाई आधी हसल्या, मग तीच वही त्यांनी बाकीच्या एकोणचाळीस घरांना नमुना म्हणून दाखवली. हल्ली मी गेलो की मला खुर्ची मिळते.

तर गेल्या आठवड्यात आपल्या बाळाच्या शीच्या नमुन्यात तिथल्या तपासणीच्या यंत्राला केळं सापडलं. यंत्र म्हणतं केळं, माझी वही म्हणते दूध. डॉक्टरबाईंनी बेधडक वहीवर विश्वास ठेवला आणि यंत्र खोलायला माणूस बोलावला. दोन दिवस ते यंत्र पोट उघडं टाकून पडलं होतं. त्यात काही बिघाड निघेना, तेव्हा संशय गेला नमुने तपासणाऱ्या बाईंवर, की त्यांनी कामाच्या टेबलावर डबा खाल्ला असणार. (आठ वर्षांत त्यांनी तिथे पाण्याचा घोटही घेतलेला नाही, हे दारावरचा शिपाईसुद्धा सांगतो.) मी नेमका वही द्यायला गेलो होतो. त्या डोळे पुसत मला म्हणाल्या, "आजोबा, तुमची वही काही खोटं बोलणार नाही. म्हणजे मीच कुठेतरी चुकले असेन. सोमवारपासून माझं काम काढून घेतायत."

धाकटे, मी वही त्यांच्या टेबलावर ठेवली आणि तडक निघालो. घरी येऊन हे पत्र लिहायला बसलो. तू ओळखलंच असशील. मी केळं खात होतो आणि तो लबाड माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. आपण खायचं आणि लेकराने नुसतं बघायचं, हे माझ्याच्याने होईना. चमच्यात थोडं कुस्करलं, झालं. सूनबाईंनी विश्वासाने दिलेल्या वहीत ते लिहिणार कसं? न पडलेला पाऊस मी जन्मात कधी लिहिला नाही. पडलेला लिहायचा राहिला, तो हा पहिलाच.

तुझा, वयानेच काय तो मोठा,
दादा

ता. क. : केळं दिलं त्याच आठवड्यात तू दोन दिवस इथे होतीस. डॉक्टरबाईंना फोन करून, केळं तू दिलंस असं सांगशील का? तू लांब असतेस, तुला कुणाला तोंड दाखवायचं नाही.

ता. क. दुसरा : फोन करू नकोस. पत्र तुला मिळेपर्यंत सोमवार उलटून जाईल, आणि त्या बाईंचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. आज सकाळी सूनबाईंना सांगितलं, मग इस्पितळात जाऊन सगळ्यांदेखत वहीत लिहिलं : केळं, एक चमचा, देणारा आजोबा. बाईंची माफी मागितली. त्यांचं काम त्यांच्याकडेच राहिलं. बाळाची नोंद आता वेगळ्या रकान्यात जाणार आहे. सूनबाई माझ्याशी कामापुरतं बोलतात, पण बोलतात.

ता. क. तिसरा : डॉक्टरबाईंनी विचारलं, एकच चमचा ना? मी म्हटलं, एकच. खरं म्हणजे चार होते. एक मी कबूल केलाय. उरलेल्या तीन चमच्यांसाठी तो फोन तेवढा करच.