तेरड्याच्या बांधावर

२६ ऑगस्ट ८२, वाशी
गौर आणली. सासूबाईंना कोकणातल्यासारखी तेरड्याचीच लागते, मुखवटा चालत नाही. शेजारच्या गावातली हिराबाय शेताच्या बांधावर तेरडा राखते, गौरीला सगळ्यांना देते. तिच्याकडून पाच रोपं, मुळांसकट. जुडी फारच किडकिडीत. रस्त्याच्या भरावावर पांढरी बारीक फुलं माजलीत, ती मूठभर खोवली. सासूबाई चक्क म्हणाल्या, "सुरेख गं." मी खूश.

२८ ऑगस्ट
विसर्जन, बादलीत. गौर पायदळी नको म्हणून हिराबायच्या बांधावर, तेरड्याच्या मुळाशी नेऊन ठेवली. देवाचं देवाच्या जागी. हिराबाय घरी नव्हती.

१२ जुलै ८३
बांधावर तेरडा कुठाय? चार-दोन रोपं, बाकी गाजरासारख्या पानांचं रान. हिराबाय उपटत बसलेली. "बाय, ह्यो कवा आला माना म्हाईत नाय. गुरा पन तोंड लावीत नाय." काय असेल?

३ ऑगस्ट
त्याला फुलं आली. पांढरी, बारीक. माझ्या गौरीतली. वरच्या मजल्यावरच्या सबनीसबाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात, त्यांना फांदी दाखवली. म्हणाल्या, "गाजर गवत. फुलाआधीच उपटायला हवं होतं. एकदा बी पडलं की दुसऱ्याला उगवू देत नाही." मी पेरलं. मीच.

६ ऑगस्ट
हिराबायचे हात बघवेनात. कोपरापर्यंत पुरळ, लस वाहतेय, डोळे सुजून मिटलेत. नुसत्या हातांनी उपटत होती बिचारी. सांगायलाच गेले होते. म्हणाली, "चाय घे." घेतली आणि आले. लाज वाटते.

९ ऑगस्ट
हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून मी आणि सबनीसबाई, दिवसभर. मुळापासून काढून जाळलं. मी म्हटलं, मिठागराचं खारं पाणी मारू या. हिराबाय ओरडली, "नको. तेरडा पन मरंल."

१३ सप्टेंबर
आज गौर. बांधावर तेरड्याची पाचच रोपं जगली. मी मागायला गेलेच नव्हते. सकाळी हिराबाय दारात, हातांना फडकी, फडक्यात पाचही रोपं.
"तुजे सासूला तेरड्याबिगर चालत नाय, माना ठाव हाय. आमी यंदा फोटो पुजू."
म्हणजे बांधावर बी धरायलाही एक नाही. ती गेली.
रोपं बादलीत आहेत. मुळं ओली आहेत, अजून परत लावता येतील. पण लावायला गेले तर सगळं सांगावं लागणार.
सासूबाई पाट मांडून हाका मारताहेत.